फेरेटला कच्चं मांस, तेही आलटून-पालटून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात फेरेट आहे म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात: वास येतो का, आणि खातो काय? पहिल्याचं उत्तर एका शब्दात होतं. येतो. दुसऱ्याचं होत नाही, म्हणून हे प्रश्न एकत्र केले. मी पशुवैद्य नाही. बरीच वर्षं फेरेट पाळले आणि त्यांना खाऊ घालताना चुका करत शिकलो, एवढीच माझी पात्रता.

फेरेटला मांसच का? थोडा भात, भाजी, फळ चालत नाही का?

नाही चालत. फेरेट हा युरोपातल्या पोलकॅट नावाच्या शिकारी प्राण्याचा माणसाळलेला वंशज. दिसायला मुंगसाची आठवण होते, पण त्या दोघांचं नातं दूरचंच. बिळातले ससे हुसकावून बाहेर काढायला माणसाने त्याला दोन हजारांहून जास्त वर्षं पाळलं, तरी त्याचं पोट शिकाऱ्याचंच राहिलं. आतडं आखूड, त्यात अंधांत्र नाहीच, आणि खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. पाल्याचा चोथा आंबवून त्यातून काही काढून घ्यायला त्याच्याकडे ना जागा आहे ना वेळ. दाढासुद्धा दळणाऱ्या नाहीत, कात्रीसारख्या कापणाऱ्या आहेत.

गोड फळाचा तुकडा दिलात तर तो आवडीने खाईल, हे खरं. पण आवडलं म्हणजे मानवलं असं नव्हे. कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते गोड द्रव्य) असलेले पदार्थ तर विषच समजा.

मग ते कच्चंच का? शिजवून दिलं तर?

शिजवलेलं मांस पाप नाही. अडचण दोन ठिकाणी येते. शिजवताना टॉरिन हे हृदयासाठी आणि डोळ्यांसाठी गरजेचं द्रव्य बरंचसं पाण्यात उतरतं, आणि ते पाणी आपण ओतून देतो. दुसरं म्हणजे शिजवलेलं हाड ठिसूळ होऊन त्याचे अणकुचीदार तुकडे पडतात. ते कधीच द्यायचं नाही. त्यामुळे शिजवून द्यायचं तर हाडाविना द्या, रस्सा त्यातच ठेवा आणि कॅल्शियम व टॉरिन वरून घाला.

चांगल्या प्रतीच्या, मांसावर आधारलेल्या कोरड्या खाद्यावरही फेरेट नीट जगतात. ‘कच्चं दिलं की रोग जवळ फिरकत नाही’ असं सांगणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. स्वादुपिंडातल्या, रक्तातली साखर उतरवणाऱ्या गाठी, म्हणजे इन्सुलिनोमा, हा मध्यमवयीन फेरेटांमध्ये नेहमी दिसणारा आजार आहे. पिष्टमय खाद्यामुळे तो बळावतो असा संशय आहे, पण ते सिद्ध झालेलं नाही.

प्रमाण काय ठेवायचं?

अख्ख्या सावजाच्या शरीरात जे असतं, त्याच्या जवळ जायचं. ढोबळमानाने दहा ते पंधरा टक्के हाड, पाच टक्के कलेजी, पाच टक्के दुसरा एखादा स्रवणारा अवयव (गुर्दा, पाणथरी, स्वादुपिंड) आणि उरलेलं स्नायूंचं मांस. त्या मांसातच दहा-पंधरा टक्के हृदय यावं, कारण टॉरिन तिथे भरपूर असतं.

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. पेटा (पक्ष्याच्या पोटातली दाणे दळणारी पिशवी), हृदय, जीभ, फुप्फुस हे पोटातून-छातीतून निघतं म्हणून ‘अवयव’ म्हणून मोजलं जातं. आहाराच्या हिशेबात ते स्नायू आहे. कोंबडीचा पेटा रोज दिला म्हणून अवयवांचा वाटा भरला असं होत नाही. हीच चूक मी वर्षभर केली.

एक किलोचा फेरेट दिवसाला साधारण ६० ग्रॅम खातो असं धरू. आठवड्याचे झाले ४२० ग्रॅम. त्यात कलेजी २० ग्रॅमच्या आसपास, गुर्दा किंवा पाणथरी तेवढीच, हृदय ४० ते ६० ग्रॅम. हाडाचा वाटा भरायला कोंबडीचे पंख १०० ते १३० ग्रॅम पुरतात, कारण पंखात जवळपास निम्मं वजन हाडाचं असतं. बाकी सगळं मांस. हा ताळा रोज जमायला हवा असं नाही, आठवड्यात जमला तरी पुरे. वीस ग्रॅम कलेजी एकदम दिलीत तर मात्र दुसऱ्या दिवशी साफसफाईची तयारी ठेवा. मी ती तीन-चार दिवसांत विभागतो.

इतके प्रकार कशाला? माझा तर फक्त कोंबडीवर खूश आहे.

खूश असेल. माझाही होता.

एकाच प्राण्याचं मांस म्हणजे त्या प्राण्यात जे कमी, ते तुमच्या फेरेटलाही कायमचं कमी. सशाचं मांस इतकं कोरडं असतं, की त्याच्यावरच ठेवलं तर चरबीअभावी फेरेट खंगतो. बदकात चरबी भरपूर, रोज दिलं तर जास्तच. कोंबडीच्या छातीपेक्षा मांडीच्या गडद मांसात टॉरिन कितीतरी जास्त. बोकड, मेंढी, गाय-म्हैस यांच्या लाल मांसात लोह आणि जस्त कोंबडीहून चांगलं. कलेजीतही फरक असतो: गाईच्या कलेजीत तांबं कोंबडीच्या कलेजीच्या अनेक पट असतं, आणि जीवनसत्त्व ‘अ’ही जास्त. हे ‘अ’ शरीरात साठत जातं, म्हणून कलेजीचा वाटा पाच टक्क्यांच्या वर न्यायचा नाही आणि ती कधी या प्राण्याची, कधी त्या प्राण्याची द्यायची. आलटून-पालटून दिलं की एकीची उणीव दुसरी भरून काढते, आणि तुम्हाला रोज तक्ते घेऊन बसावं लागत नाही.

दुसरं कारण मला अंगावर घेऊन कळलं. माझ्या पहिल्या फेरेटला पिल्लू असताना चारेक महिने फक्त कोंबडी मिळाली. सोपी होती, तोही खात होता, मी कशाला उठाठेव करू? मग एकदा काही आठवडे कोंबडी मिळेना. सशाचं मांस समोर ठेवलं तर त्याने हुंगलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी त्याच्या ताटात चप्पल ठेवली असावी. फेरेट पहिल्या काही महिन्यांत ज्या वासांना ‘अन्न’ म्हणून ओळखायला शिकतो, तेच पुढे जन्मभर अन्न. त्या वयात नाकाखालून न गेलेली गोष्ट त्याच्या लेखी खाण्याची नसतेच. म्हणून पिल्लू घरात आलं की पहिलं काम हेच: जितके वास दाखवता येतील तितके दाखवा. चिमूटभर का होईना, पण दाखवा.

निदान तीन वेगवेगळे प्राणी आणि कोणत्याही एकाचा वाटा निम्म्याहून जास्त नाही, हा माझा नियम. पाच जमले तर उत्तम. त्यात पक्षी आणि लाल मांसाचे प्राणी दोन्ही हवेत. कोंबडी, टर्की आणि लावा असे तिन्ही पक्षीच घेतले, तर प्रकार वाढले, विविधता फारशी नाही.

माझ्याकडे आठवडा साधारण असा जातो. दोन दिवस कोंबडी, त्यात पंख आणि मान. एक दिवस ससा, बरगड्यांसकट. दोन दिवस लाल मांस, त्यात एकदा हृदय. एक दिवस बदक किंवा लावा. उरलेला दिवस फ्रीझरमध्ये जे संपवायचं असेल त्याचा. वेळापत्रक छान दिसतं, पण आठवड्यातून एकदा तरी मोडतंच, आणि मोडल्याने काही बिघडत नाही.

किती द्यायचं, किती वेळा?

मोठ्याला वजनाच्या पाच ते आठ टक्के, वाढत्या पिल्लाला दहा टक्के किंवा जास्त. पिल्लाला मोजून देऊ नका, पोटभर द्या. पोट लवकर रिकामं होत असल्याने दिवसात तीन-चार वेळा थोडं थोडं बरं. आठवड्याला एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. थंडीत फेरेट भरतात, उन्हाळ्यात उतरतात. तो ऋतूचा फेरा आहे, त्यावरून लगेच आहार बदलू नका.

हाड घशात अडकणार नाही?

कच्चं, लहान प्राण्याचं आणि मांस चिकटलेलं हाड फेरेट दाढेत धरून कुरकुर चावतो. कोंबडीचे पंख, मान, सशाच्या बरगड्या, अख्खा लावा हे सुरुवातीला चांगलं. तुकडा गिळता येईल इतका छोटा करू नका. अडकतो तो छोटाच, मोठा चावावा लागतो. गाय-म्हशीच्या पायाचं जाड हाड देऊ नका, दात मोडतात. पहिले काही आठवडे समोर बसून राहा.

हाड द्यायची हिंमतच होत नसेल तर एक किलो बिनहाडी मांसाला सुमारे ६ ग्रॅम अंड्याच्या कवचाची अगदी बारीक पूड मिसळा. पण हाड किंवा पूड, दोन्हीपैकी एक हवंच. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जेमतेम असतं. नुसतं मांस महिनोन्महिने दिलं की शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम उपसायला लागतं. पिल्लांमध्ये हे फार लवकर होतं: पाय वाकतात, उडी मारताना हाड मोडतं. बाहेरून पिल्लू गुबगुबीत दिसत असतं, म्हणून लक्षात येत नाही.

उंदीर, कोंबडीची पिल्लं असं अख्खं सावज दिलं तर?

हिशेब ठेवायचा कंटाळा असलेल्यांसाठी याहून सोपं काही नाही. हाड, अवयव, मांस आणि केसांचा चोथा सगळं निसर्गाने मोजूनच भरलेलं. खाद्य म्हणून वाढवलेले आणि गोठवलेलेच घ्या. घरात सापळ्यात सापडलेला उंदीर नको, त्याच्या पोटात विष असू शकतं. जिवंत सावज देऊ नका. त्यात त्या जिवाचे हाल होतात, शिवाय उंदीर तुमच्या फेरेटलाही कडकडून चावतो. कोंबडीची एका दिवसाची पिल्लं अधूनमधून ठीक, पण त्यांची हाडं कोवळी असतात, म्हणून त्यांच्यावरच ठेवू नका.

डुकराचं मांस, मासे, अंडी?

डुकराचं मांस कच्चं देऊ नये. त्यातून औजेस्की नावाचा विषाणू आला तर फेरेट वाचत नाही. ट्रिकिनेला कृमींचाही धोका असतो. द्यायचंच असेल तर पूर्ण शिजवून.

मासा आहाराचा आधार बनवू नका. काही कच्च्या माशांत जीवनसत्त्व ‘ब१’ नष्ट करणारं विकर असतं, आणि तेलकट मासा फार झाला की ‘ई’ कमी पडून अंगातली चरबी सुजते. अंडं आठवड्याला एक-दोनदा, पिवळ्यासकट. नुसता कच्चा पांढरा नको.

दूध कुणी विचारलं नाही, तरी सांगतो: नको. जुलाब होतात.

कोरड्या खाद्यावरून कच्च्यावर कसं आणायचं? माझा तर वास घेऊन पळतो.

पळणारच. त्याच्या लेखी ते अन्न नाही. इथे धीर हवा आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी: ‘भूक लागली की खाईल’ हा उपाय फेरेटवर करायचा नाही. चार-पाच तासांहून जास्त उपाशी राहिला तर काहींची रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरते, त्यातही इन्सुलिनोमा लपलेला असेल तर फारच. जुनं खाद्य वाटीत राहू द्या आणि नवं त्याच्या जोडीला आणा.

मी आधी कोरडं खाद्य कोमट पाण्यात भिजवून लगदा करतो आणि त्यात खिम्याचं बोटभर पाणी मिसळतो. चार-पाच दिवसांनी चमचाभर खिमा. तो निवडून बाजूला काढला तर मागे जातो, खाल्ला तर वाढवतो. बोटावर थोडं घेऊन ओठाला किंवा पुढच्या पंजाला लावलं की तो चाटून साफ करतो, आणि चाटता चाटता ओळख होते. कोमट केलं की वास जास्त येतो, तेही उपयोगी पडतं. खिमा पचनी पडला की छोटे तुकडे, मग मोठे, हाड सगळ्यात शेवटी. पिल्लं आठवड्यात वळतात. माझी एक सहा वर्षांची मादी पाच महिने भांडली. आणखी एक म्हातारा होता, तो लगद्यापलीकडे कधी आलाच नाही. मी त्याचा नाद सोडला. लगदा खात होता, जगत होता, पुरे.

लगदा वाटीत दोन तासांहून जास्त ठेवू नका. कोरड्या खाद्याची सवय असलेले लोक हे विसरतात.

जंतूंचं काय? आणि बर्ड फ्लू?

कच्च्या मांसात साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, लिस्टेरिया असू शकतात. निरोगी फेरेटचं आम्लयुक्त पोट आणि आखूड आतडं त्यातलं बरंच निभावून नेतं, पण तो स्वतः ठणठणीत असूनही विष्ठेतून जंतू बाहेर टाकत राहतो. म्हणजे आजारी पडायची पाळी तुमच्यावर. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई, खूप वयस्कर किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं कुणी असेल, तर मी कच्चं द्यायला सांगणार नाही. वेगळी सुरी, वेगळा पाट, साबणाने हात, आणि जेवणानंतर लगेच फेरेटचे मुके नकोत. शेवटचा नियम कुणी पाळत नाही, मीही पाळायचो नाही, पण चूक ती चूकच.

उणे २० अंशांवर तीन आठवडे गोठवलं की बऱ्याच परजीवींचा बंदोबस्त होतो. जिवाणू आणि विषाणू मात्र थंडीत नुसते झोपून राहतात. गोठवलं म्हणजे निर्जंतुक झालं, हा समज डोक्यातून काढून टाका.

फ्लूची गोष्ट फेरेटच्या बाबतीत वेगळी आणि गंभीर आहे. माणसाच्या फ्लूचा अभ्यास प्रयोगशाळांत फेरेटांवर करतात, कारण आपल्याला होणारा फ्लू त्यांना तसाच होतो. (तुम्हाला सर्दी-ताप असेल तर तुमच्यापासून त्यालाही लागू शकतो, तेव्हा तोंडाला मास्क.) पक्ष्यांमधला एच५एन१ फेरेटला जीवघेणा ठरतो. अमेरिकेत २०२४-२५ मध्ये पाळीव मांजरं कोंबडीवर्गीय पक्ष्यांचं दूषित कच्चं खाद्य खाऊन या विषाणूने मेली, आणि ते खाद्य गोठवलेलंच होतं. म्हणून साथीची बातमी असेल त्या काळात मी कोंबडी, बदक, टर्की, लावा सगळं कच्चं बंद करतो. पक्षी द्यायचा तर हाड काढून पूर्ण शिजवतो, बाकी दिवस ससा आणि लाल मांस. ज्याच्या फेरेटला आधीपासून चार वास माहीत आहेत, त्याला हे एका दिवसात जमतं.

तो मांस पळवून लपवतो. काय करू?

शोधा. दुसरा उपाय नाही. उरलेलं साठवणं हा त्याचा स्वभावच आहे. माझ्याकडे एकदा चार दिवस खोलीत कशाचा तरी वास येत होता. गटार तपासलं, कचरा तपासला, शेवटी सोफ्याच्या अस्तरातून अर्धा लावा आणि मेंढीच्या गुर्द्याचे दोन तुकडे निघाले, व्यवस्थित ओळीने मांडलेले. तेव्हापासून जेवण पिंजऱ्यातच, धुता येईल अशा चटईवर. जेवण आटोपलं की त्याच्या झोपायच्या कापडाखाली हात घालून बघायचं, मग दार उघडायचं. दिलेले तुकडे मोजून ठेवले तर शोध कधी थांबवायचा हेही कळतं.

विष्ठा कशी दिसायला हवी?

कच्च्यावर ती कमी होते, गडद होते, वासही बराच कमी. खाल्ल्यानुसार रंग बदलतो, एक दिवस पातळ झाली म्हणून घाबरू नका. पांढरट आणि भुसभुशीत दिसली तर हाड जास्त झालं. सैल आणि खूप गडद असेल तर कलेजी किंवा गुर्दा एकदम फार गेला. बाजरीचे दाणे मिसळल्यासारखी दिसली तर पचन नीट होत नाही, दोन दिवस साधं, ओळखीचं मांस द्या. डांबरासारखी काळी, चिकट विष्ठा म्हणजे पोटात कुठेतरी रक्तस्राव. तिथे वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर. विष्ठा अजिबात होत नसेल, तो ओकाऱ्या काढत असेल, तर काहीतरी अडकलं असण्याची शक्यता मोठी. आणि ते बहुतेक वेळा हाड नसतं, रबर असतं.

वरून औषधं, पूड, तेल द्यावं का?

आहारात खरोखर विविधता असेल तर फारसं नाही. मांस दळून, बरेच महिने गोठवून देत असाल तर टॉरिन घाला. कॉड माशाच्या यकृताचं तेल कलेजीच्या जोडीला नको, ‘अ’ दुप्पट होतं.

कच्चं कुणाला देऊ नये?

स्टेरॉइड चालू असलेल्याला, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्याला, पोटात व्रण असलेल्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तीन-चार वर्षांपुढच्या फेरेटचा आहार बदलण्याआधी रक्तातली साखर तपासून घ्या. शून्यात टक लावून बसणं, लाळ गाळणं, पंज्याने तोंड खरवडणं, मागचे पाय लटपटणं ही साखर उतरल्याची लक्षणं. हिरड्यांना थोडा मध चोळा आणि लगेच दवाखाना गाठा. मध हा तिथवर पोचण्यापुरता, उपचार नव्हे. झटके येत असतील तर तोंडात बोट घालू नका.

आम्ही आठवडाभर बाहेर जाणार आहोत. ज्यांच्याकडे ठेवणार त्यांना कच्च्या मांसाची किळस येते.

दोन तयाऱ्या ठेवा. एक म्हणजे जेवणागणिक छोट्या डब्या भरून, वर तारीख लिहून गोठवून द्या, म्हणजे त्यांना फक्त आदल्या रात्री फ्रिजमध्ये खाली उतरवायची आणि वाटीत ओतायची. अशा डब्यांत हाडं घालू नका. समोर बसून लक्ष ठेवायची जबाबदारी दुसऱ्यावर कशाला? आठवडाभर कवचाची पूड चालते.

दुसरी तयारी आधीपासूनची. पूर्ण कच्च्यावर असलेल्यालाही आठवड्यातून एकदा मूठभर चांगलं कोरडं खाद्य द्या, नुसती ओळख राहावी म्हणून. किळस असह्य झाली, वीज गेली, फ्रीझर बंद पडला, तर त्याला ते अन्न वाटायला हवं. जाण्याआधी एक दिवस त्यांच्या हातून खाऊ घालून बघा. डब्या किती दिल्या आणि रोज किती उघडायच्या हे झाकणावर लिहा, आणि सोफ्याबद्दल सांगायला विसरू नका.